मुकादमासमोर तोंड उघडावं का?

जळगावच्या डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो. सातपुड्यातला पावरा आदिवासी पोरगा गोणी शिवतो. दोरा तुटला की मुकादम सगळ्यांदेखत त्याच्या बोलीची नक्कल करतो. काल मीही हसलो. डबा घशाखाली उतरला नाही. काय करू?

— आधी हसणं थांबवा, तेवढंही दिसतं. रावेरला केळीच्या गाडीवर असताना मी नुसतं म्हटलं, "दादा, मला तरी कुठे त्याची बोली येते?" मुकादम गप्प. मग आठवडाभर मला पहाटेची पाळी!

— चारचौघांत नको, चहाला नेऊन सांगा. जातीवर घसरला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहेच.

— पन भाऊ, त्या पोऱ्याले कोनी इचारं का?

— नाही. आज त्याच्या शेजारी जेवायला बसलो. अर्धी भाकरी त्यानं माझ्याकडे सरकवली. मुकादम बघत होता.