भाऊ 'मी ठीक आहे' म्हणतो, पण तो ठीक नाही. कसं विचारू?

धाकट्याची ताई:
माझा भाऊ २८ वर्षांचा आहे, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दोन महिन्यांपासून तो बदललाय. रडत नाही, कसली तक्रार नाही, कामावरही जातो, त्यामुळे सुरुवातीला माझ्या लक्षातच आलं नाही. मग एकेक जाणवायला लागलं. रात्री तीनला पाणी प्यायला उठले की त्याच्या खोलीतला दिवा चालू असतो. सकाळी हाक मारली की खेकसतो, तेही ज्याने कधी आवाज चढवला नाही असा मुलगा. पेन्सिलीने फार सुंदर पक्षी काढतो तो. टेबलावर एक खंड्या अर्धवट पडलाय. चोच झाली, डोळ्यातला तो पांढरा ठिपकासुद्धा झाला, पंखांना हात लावलेला नाही. आता त्या कागदावर चार्जर आणि बिलं साचलीत.

मी एकदा म्हणाले, "अरे, सगळं तर छान चाललंय तुझं." तो म्हणाला, "हो ना, तेच तर कळत नाही." आणि गेल्या आठवड्यात बोलता बोलता म्हणाला, "मी नसलो तरी कुणाचं काही अडत नाही." मी विषय बदलला. का बदलला, याचा मला तेव्हापासून त्रास होतोय.

त्याला सरळ विचारायचंय की जीव द्यावासा वाटतो का. पण त्याच्या मनात तसलं काही नसेल आणि मीच ते भरवलं तर? या भीतीने तोंड उघडत नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपा करून सांगा.

सकाळची पाळी:
ताई, एकटं बसू देऊ नका त्याला. फिरायला न्या, मित्रांना बोलवा. मन रमलं की आपोआप निवळेल.

कोपऱ्यातला:
वरच्या सल्ल्यामागची माया कळते, पण मला थोडं वेगळं सांगायचंय. चार वर्षांपूर्वी मी तुमच्या भावाच्या जागी होतो. मलाही सगळे मन रमव म्हणायचे. अडचण अशी होती की रमायला लागतं ते मनच जागेवर नव्हतं. दुःख होत असतं तर निदान रडलो असतो. माझं सगळं सपाट झालं होतं. आवडीचं गाणं लावलं की नुसता आवाज ऐकू यायचा. आंघोळीला जायचं म्हटलं तरी टॉवेल हातात घेऊन पलंगाच्या कडेवर अर्धा अर्धा तास बसून राहायचो. ऑफिसात मात्र कुणाला काही कळलं नाही. दिवसभर नीट वागण्यातच सगळी ताकद जायची आणि घरी आलो की घरच्यांवर खेकसायचो. तुम्ही लिहिलेलं खेकसणं वाचून म्हणूनच थांबलो.

मला माझ्या बहिणीने विचारलं. गाडीत होतो, ती चालवत होती. समोर रस्त्याकडे बघतच म्हणाली, "तुला मरून जावंसं वाटतं का रे?" अगदी याच शब्दांत. मी बराच वेळ गप्प होतो. तीही गप्प राहिली, रेडिओ लावला नाही, "असं काही नाही ना?" असंही म्हणाली नाही. मग मी हो म्हणालो. तिने माझ्या डोक्यात काहीच भरवलं नव्हतं, ते आधीच तिथे होतं. उलट एकट्याने धरून ठेवलेलं कुणीतरी दुसऱ्या टोकाने उचलल्यासारखं झालं.

एक विनंती: 'असं काही नाही ना' अशा रीतीने विचारू नका. त्या प्रश्नातच उत्तर असतं आणि आपण ते देऊन मोकळे होतो.

दुपारचं ऊन:
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. ताई, तुमच्या भीतीबद्दल आधी: आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार नव्याने मनात रुजतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. न विचारणंच जास्त धोक्याचं. तो हो म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारा, कसं आणि कधी याचा काही विचार केलाय का. योजना ठरलेली असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातला औषधांचा साठा कुलूपबंद करा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

झोप उडणं, चिडचिड, आवडीच्या गोष्टीतलं मन निघून जाणं हे दोन आठवड्यांहून अधिक, जवळजवळ रोज असेल तर तपासून घ्यायलाच हवं. तुमच्याकडे दोन महिने झालेत. पुष्कळ पुरुषांमध्ये नैराश्य उदासीपेक्षा रागाच्या रूपात आधी दिसतं आणि घरचे 'हल्ली फार तापट झालाय' म्हणून सोडून देतात. थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांनीही असंच होऊ शकतं, म्हणून रक्त तपासतात. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी असते, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. नववा प्रश्न नेमका तुम्हाला विचारायचाय तोच आहे. म्हणजे आम्हीही तो सरळच विचारतो.

गोळ्या सुरू झाल्या तर पूर्ण फरक पडायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मळमळ, बेचैनी असले त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात, आणि 'काही उपयोग नाही' म्हणून लोक नेमकं तिथेच सोडतात. सुरुवातीच्या दिवसांत जास्त लक्ष ठेवा. बरं वाटल्यावरही औषध किमान ६ महिने चालतं, मनाने बंद करायचं नाही.

धाकट्याची ताई:
काल रात्री पुन्हा दिवा दिसला. दार वाजवून आत गेले, जमिनीवर बसले आणि विचारलं. शब्द ठरवून गेले होते तरी आवाज कापला. तो म्हणाला, "कधी कधी वाटतं. पण करणार वगैरे नाही." कसं, कधी तेही विचारलं. काही ठरवलेलं नाही म्हणाला. मग एकदम म्हणाला, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "नाही रे, भीती वाटत होती." पाच वाजेपर्यंत बसलो होतो, बोलणं फार झालं नाही. परवा साडेअकराची वेळ मिळालीये. ये म्हणाला मला बरोबर, पण आत एकटा जाणार. गोळ्या सगळ्या माझ्या कपाटात आणून ठेवल्यात. डॉक्टरांसाठी काही लिहून न्यावं का?

दुपारचं ऊन:
फार चांगलं केलंत. हो, न्या. झोपायच्या-उठायच्या वेळा, वजनात पडलेला फरक, सध्याची औषधं, दारू किंवा इतर काही घेतो का, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. मात्र तो कागद त्याच्यासोबत बसून लिहा, त्याच्या नकळत नको. आणि परवापर्यंत रोज रात्री एकदा तोच प्रश्न पुन्हा विचारा.

कोपऱ्यातला:
बाहेर बसाल तेव्हा वेळ लागेल, पहिली भेट लांबते. माझी बहीण तासभर बसली होती. बाहेर आल्यावर तिने 'काय म्हणाले' विचारलं नाही, 'भूक लागलीये का' विचारलं. ते मला बरं वाटलं होतं.