पुढचे दात झिजलेत: सहा कॅप की कॉम्पोझिट? (शिवाय माझ्या ‘च’चा प्रश्न आहेच)

ध्वनिमुद्रा:
नमस्कार. वय ४३. श्राव्य पुस्तकं वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. रोज चार-पाच तास मायक्रोफोनसमोर बसते.

गेल्या महिन्यात स्वतःचंच वाचन हेडफोन लावून तपासत होते. ‘सावकाश’ या शब्दात ‘स’च्या शेपटीला एक बारीक शीळ ऐकू आली. आधी वाटलं, माइकचा दोष असेल. मग पाच वर्षांपूर्वीचं वाचन काढून लावलं, तर त्यात शीळ नव्हती. आरशासमोर टॉर्च घेऊन उभी राहिले तेव्हा दिसलं ते असं: वरचे पुढचे चार दात आखूड झालेत, कडा काचेसारख्या आरपार दिसतात आणि एका दाताच्या कोपऱ्याचा टवका उडालाय. आतल्या बाजूने जीभ फिरवली की दात खोलगट आणि अगदी गुळगुळीत लागतात. पूर्वी तिथे एक उंचवटा होता, तोच सापडत नाही. शिवाय खालच्या दाढेतलं जुनं फिलिंग वर आल्यासारखं जिभेला टोचतं. गार पाण्याने कळ जाते, पण ठणका नाही.

दोन डॉक्टरांना दाखवलं. पहिले म्हणाले, सहा दात घासून कॅप बसवू, म्हणजे चिंता मिटली. दुसऱ्या म्हणाल्या, दात अजिबात न घासता कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाचं द्रव्य चिकटवून, वाढवू. फक्त काही महिने मागच्या दाढा एकमेकींना टेकणार नाहीत. हे ऐकून मी घाबरलेच. दाढा टेकल्या नाहीत तर जेवायचं कसं?

कॉम्पोझिट किती टिकतं? तुटलं तर पुढे काय? आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट: मराठीत ‘चूक’मधला ‘च’ वेगळा आणि ‘चिमणी’मधला वेगळा. ‘जवळ’ आणि ‘जीव’ यांतल्या ‘ज’चंही तेच. यांतला पहिला उच्चार जीभ वरच्या दातांच्या पाठीला टेकवून होतो. ती पाठच जाड झाली तर माझा ‘च’ जाईल का?

ब्रश मऊ वापरते. झोपेत दात खात नाही, असं घरचे सांगतात. छातीत जळजळ कधीच होत नाही.

कातळफूल:
तुमच्या दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, अगदी तेच मी सहा वर्षांपूर्वी करून घेतलंय. वरचे सहा दात. अनुभव सांगतो, पटेल तेवढं घ्या.

दोन बैठका झाल्या, प्रत्येकी सुमारे दोन तासांच्या. इंजेक्शन नाही, ड्रिल जवळपास नाहीच. तोंडावर रबरी पडदा ताणून त्यातून फक्त दात बाहेर काढतात, कारण चिकटवताना थुंकीचा थेंबही चालत नाही. मग दातावर निळं आम्ल लावून धुतलं, चिकटवणारा द्रव लावला, तो फुंकरीने सुकवला आणि कणकेसारखं मऊ द्रव्य थराथराने चढवत निळ्या प्रकाशाने कडक केलं. प्रत्येक थराला प्रकाशाच्या यंत्राची टिकटिक. डोळे मिटून मी त्या टिकटिकी मोजत होतो.

पडदा काढून ‘चावा’ म्हणाले तेव्हा फक्त पुढचे दात टेकले. मागे दोन्ही बाजूंना फट. तोंड परक्याचं वाटत होतं. पहिले दोन आठवडे घास बारीक करून खाल्ले आणि खरं सांगतो, त्या दिवसांत निर्णय चुकला असं वाटायचं. पुढे सवय झाली. पाचव्या महिन्यात एका सकाळी उजवी दाढ खालच्या दाढेवर ‘टक्’ करून टेकली. त्या क्षणी मी कामाच्या जागी एकटाच होतो आणि दहा-बारा वेळा नुसतं टकटक करत बसलो. डावी बाजू टेकायला आणखी तीन महिने गेले.

चौथ्या वर्षी एका दाताचा कोपरा उडाला. दुखलं काहीच नाही, जिभेला धार लागली म्हणून कळलं. अर्ध्या तासात डागडुजी झाली. कडांना थोडा पिवळसरपणा आलाय, तो पॉलिश केला की जातो.

उच्चारांचं म्हणाल तर साधारण दहा दिवस अडखळलो. पण माझा पोटापाण्याचा उद्योग बोलण्याचा नाही, त्यामुळे त्याबद्दल जाणकारांनीच सांगावं.

दंतवैद्या:
ध्वनिमुद्रा, एकवीस वर्षं हेच काम करते आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

आधी त्या दाढेकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा धागा तोच आहे. फिलिंग वर आलेलं नाही. ते होतं तिथेच आहे, भोवतीचा दात खाली गेलाय. आम्लाने एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळतं, फिलिंग त्या मानाने जवळपास तसंच राहतं, म्हणून ते खडकासारखं उघडं पडतं. नुसतं दातावर दात घासून झीज झाली असती, तर दात आणि फिलिंग एका पातळीत सपाट झाले असते. त्यात तुमच्या वरच्या दातांची झीज आतल्या बाजूने जास्त. हे दोन्ही एकत्र दिसलं की मी पहिला प्रश्न पोटातल्या आम्लाबद्दल विचारते. ते घशातून वर येतं तेव्हा त्याचा मारा वरच्या दातांच्या आतल्या बाजूवर होतो. खालच्या पुढच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं, ते बरेचदा वाचतात. तुमचे वाचलेत का, तेवढं बघा.

जळजळ होत नाही म्हणून आम्ल येत नाही, असं समजू नका. झोपेत लाळ कमी असते आणि गिळणंही कमी होतं, त्यामुळे रात्री आलेलं आम्ल दातांवर जास्त वेळ राहतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. साधारण ५.५ पीएचच्या खाली एनॅमल विरघळू लागतं. पोटातलं आम्ल १ ते २ पीएचचं असतं. म्हणून आधी पोटविकारतज्ज्ञांना भेटा, दातांचं काम मागाहून. कारण चालूच राहिलं तर कॉम्पोझिटच्या कडेने दात झिजत जाईल आणि काही वर्षांनी तिथेही तुमच्या दाढेसारखीच कडा टोचू लागेल.

वयानुसार थोडी झीज सगळ्यांचीच होते. बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठात लाम्ब्रेख्ट्स आणि सहकाऱ्यांनी ती मोजली. १९८९ मधल्या त्यांच्या निबंधात दाढांचं एनॅमल टेकण्याच्या जागी वर्षाला सुमारे २९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि उपदाढांचं सुमारे १५ मायक्रॉन झिजतं, असं आहे. म्हणजे दाढेवर दहा वर्षांत जेमतेम ०.३ मिलिमीटर. तुमची झीज त्या हिशेबात बसत नाही.

आता दाढा न टेकण्याची भीती. हा प्रयोग नवा नाही. नॉर्वेतल्या ब्यॉर्न डाल यांनी १९७५ मध्ये एका तरुण रुग्णाच्या पुढच्या दातांमागे काढता-घालता येणारी धातूची पट्टी बसवली. मुद्दाम फक्त पुढचे दात टेकतील असं केलं. काही महिन्यांत पुढचे दात किंचित आत दबले, मागचे वर आले आणि दाढा पुन्हा टेकल्या, शिवाय पुढे फिलिंगसाठी जागाही मिळाली. कातळफूल यांची ‘टक्’ तीच. आज धातूच्या पट्टीऐवजी आम्ही कॉम्पोझिटच त्या उंचीचं बांधतो. बहुतेकांच्या दाढा सहाएक महिन्यांत टेकतात, काहींना दीड-दोन वर्षंही लागतात.

टिकण्याबद्दल आकडे सांगते, पण ते नीट वाचायला हवेत. लंडनमध्ये हेमिंग्स आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्णांच्या अशा १०४ कॉम्पोझिट फिलिंगांचा सरासरी ३० महिने पाठपुरावा केला. २००० सालच्या त्यांच्या अहवालात यश सुमारे ८९ टक्के होतं. २०११ मध्ये अशाच फिलिंगांचा दहा वर्षांचा पाठपुरावा छापून आला. त्यात २६ रुग्णांची २८३ फिलिंगं होती आणि टिकण्याचा मध्यक ५.८ वर्षं निघाला, म्हणजे निम्मी त्याआधी ‘अपयशी’ ठरली. रुग्णाला हा आकडा सांगितला की चेहरा पडतो. पण त्यात झीज, टवका, कडेचा डाग असं सगळंच ‘अपयश’ धरलंय. कातळफूल यांचा उडालेला कोपराही त्यात मोजला गेला असता आणि त्यांचे दात तर शाबूत आहेत.

माझ्या मते ‘किती टिकेल’ याच्या जोडीला ‘गेलं तर काय घेऊन जाईल’ हेही विचारायला हवं. पुढच्या दाताला पूर्ण कॅप बसवायची तर दाताच्या दिसणाऱ्या भागातला ६३ ते ७२ टक्के ऐवज घासून काढावा लागतो, असं २००२ च्या एका मोजणीत आढळलं. आधीच झिजलेल्या दातातून हे वजा करायचं! कॅप जास्त वर्षं टिकेलही, पण ती जाते तेव्हा कधी नस मेलेली असते, कधी दातच हिरडीलगत मोडतो. कॉम्पोझिट जातं तेव्हा खाली दात जसा होता तसाच सापडतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही पस्तिशीच्या माणसांना अशा कॅप बसवल्या आहेत. त्यातले काही आज पन्नाशीला येऊन माझ्यासमोर बसतात आणि उरलेल्या मुळाचं काय करायचं, हे मला त्यांना सांगावं लागतं. त्याचं दुःख आहे, म्हणून इतकं लिहिते आहे.

एक मर्यादाही सांगायला हवी. झिजलेल्या दाढांवर कॉम्पोझिट सरसकट चालतं असं नाही. बार्टलेट आणि सुंदरम् यांच्या २००६ च्या अभ्यासात दाढांवरची निम्म्याच्या आसपास फिलिंगं तीन वर्षांच्या आत मोडली किंवा निघून आली. दुसरीकडे मिलोसेविच आणि बर्नसाइड यांच्या २०१६ च्या अभ्यासात १६४ रुग्णांच्या १०१० फिलिंगांपैकी फक्त ७१ गेली. मात्र ज्यांना मागच्या दाढांचा आधार नव्हता, त्यांची जास्त गेली. तुमच्या दाढा आहेत, हे चांगलं आहे.

ध्वनिमुद्रा:
आत्ताच पाहिलं, खालचे पुढचे दात अगदी धड आहेत! इतक्या तपासण्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं. फिलिंगचं वाचून तर अंगावर काटा आला. मी ते निघतंय म्हणून काढून घ्यायला निघाले होते. पण ‘च’चं राहिलं.

दंतवैद्या:
हो, ते सुटलंच. आधी दातांच्या साच्यावर मेणाने नवे आकार घडवतात. त्या मेणावरून मऊ साचा काढून, दाताला न चिकटवता तात्पुरतं द्रव्य बसवता येतं. पाच मिनिटांत तुमच्या तोंडात होणारे दात तयार. ते लावून बोला, वाचा, रेकॉर्ड करा. नको असेल तर उकलून काढता येतं. तुमच्या डॉक्टरांना हे आग्रहाने सांगा. आतली बाजू कुठे पातळ हवी, हे तुमच्या जिभेइतकं त्यांना कुणीच सांगू शकणार नाही. तोवर दातांचे फोटो आणि स्कॅन करून ठेवा, म्हणजे झीज चालू आहे की थांबली, हे सहा महिन्यांनी ताडून बघता येईल.

कातळफूल:
माझ्या वेळी मेणाचा नमुना नुसता हातात दाखवला होता. तोंडात लावून बघता आला असता तर ते पहिले दोन आठवडे सोपे गेले असते.

ध्वनिमुद्रा (चार महिन्यांनी):
कळवायचं राहून गेलं होतं. नाकातून बारीक नळी घालून चोवीस तासांची आम्लाची तपासणी झाली. दिवसा फारसं काही नाही, रात्री आडवं झाल्यावर मात्र आम्ल वारंवार वर येतं. औषध सुरू आहे, उशाकडची बाजू उंच केली आहे, झोपण्याआधी तीन तास काही खात नाही. गार पाण्याची कळ जवळपास गेली.

काल तात्पुरते दात लावून पाहिले. दवाखान्यातच फोनवर ‘सावकाश, चूक, चांदणं, जवळ, झाड’ रेकॉर्ड केलं. ‘स’ची शीळ गेली! ‘चूक’ म्हणताना मात्र जीभ जरा आधीच आदळत होती. डॉक्टरांनी मधल्या दोन दातांच्या आतून अगदी थोडं कमी केलं, मी पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा कमी केलं. चौथ्या वेळी फोनवर ऐकलं आणि पाच वर्षांपूर्वीचा माझा ‘च’ ओळखीचा वाटला. तोच आकार कायम करायचं ठरलंय. पहिली बैठक सोमवारी.