दुसरीचा डिसेंबर वाया जात नाही

शाळेत "नाताळाच्या आधीचा आठवडा म्हणजे नुसता कापूस आणि चमकी" असं कुणी म्हटलं की मला ते काही पटत नाही. मी कोथरूडला दुसरीचा वर्ग घेते. चमकी असतेच, केसांतून निघत नाही ती!

गेल्या वर्षी सुट्टीआधी आम्ही मैदानात मीटरभर काठी उभी केली. पुण्यात डोक्यावर ऊन येतं ते साडेबाराच्या सुमारास, म्हणून तेव्हाच सावली मोजली. जवळपास 90 सेंटिमीटर. मे महिन्यात हीच सावली जवळजवळ नाहीशी होते, हे पोरांना अजिबात खरं वाटेना. "बाई, मग ती जाते कुठे?" 22 डिसेंबरच्या आसपास दिवस सगळ्यात लहान, जेमतेम 11 तासांचा, हे मग वेगळं शिकवावं लागलं नाही.

कागदी चांदण्यांत घडी आणि सममिती आपोआप येते. फक्त गोल टोकाच्या कात्र्या घ्या आणि खळ पातळ ठेवू नका.

आणि डबे! वर्गातल्या एका ख्रिश्चन मुलीने घरच्या करंज्या आणल्या, तर शेजारचा म्हणाला, "दिवाळी झाली की गं!" ती शांतपणे म्हणाली, "तुमची झाली."