कुटुंबाच्या वाइनरीत मित्रांसोबत घालवलेला दिवस : तुमचे अनुभव लिहा

गेल्या सुट्टीत आम्ही चौघं शहराबाहेरच्या एका छोट्या वाइनरीत जाऊन आलो. कंपनी वगैरे काही नाही, एक कुटुंब. वडील बाग बघतात, मुलगी वाइन करते, आईकडे हिशेब आणि आल्यागेल्याचं. तासाभरात तीन-चार वाइन चाखून परत फिरू असा बेत होता. निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती.

मुलीने आधी बागेत नेलं. तोडणीला दोनेक आठवडे होते. काळंभोर झालेला एक मणी तिने दोन बोटांत चिरडला आणि तळहात पुढे केला. आतला गर पांढरट, रस जवळजवळ पाण्यासारखा. "रंग सालीत असतो," ती म्हणाली. "रस सालींबरोबर आंबवला तर रेड. लगेच दाबून वेगळा काढला तर याच द्राक्षाची पांढरी वाइनही होते." मी इतकी वर्षं रेड वाइन पितोय आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

तिच्या अंगठ्याच्या मुळाशी छाटणीच्या कात्रीने पडलेला घट्टा होता. थोड्या वेळाने त्याच हाताने तिने पेला पुढे केला. माझ्यासाठी त्या दिवसाचं मोल तिथे आहे. ज्या हाताने काडी कापली, त्याच हाताने ओतून दिलं. मोठ्या ठिकाणीही वाइन उत्तम मिळते, पण तिथे माहिती देणारा एक, बाग राखणारा दुसरा, आणि त्या दोघांची गाठ पडतेच असं नाही.

तुम्ही अशा ठिकाणी गेला असाल तर जरूर लिहा. चवीची वर्णनं नसली तरी चालेल. काय पाहिलं, कोणाशी बोललात, काही चुकलं असेल तर तेही.

*

आमचं जाणं नेमकं तोडणीच्या दिवसांत आलं. फोन केला तर काकू म्हणाल्या, "या, पण बोलायला कोणाला वेळ नसेल. हात लावणार असाल तर पहाटे साडेपाचला या." सहा जणांचं ठरलं होतं, चौघे पोचलो.

पहाटे का, तर द्राक्ष गार असतानाच घरात यायला हवं. उन्हात तापलेल्या मण्यांतून रस पाझरायला लागतो, क्रेटमध्येच आंबायला सुरुवात होते आणि नाजूक वास उडून जातात. कपाळाला दिवे लावून ओळीत उभे राहिलो. काकांनी एकदाच दाखवलं: घड खालून तळहातावर घ्यायचा, आवळायचा नाही, देठ कापायचा, सडका मणी दिसला तर कात्रीच्या टोकाने तिथल्या तिथे काढून टाकायचा. पहिली क्रेट भरायला मला तासभर लागला. शेजारच्या ओळीतल्या आजींची तोवर चौथी चालू होती.

उजाडल्यावर काकांनी रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे तोंड करून डोळ्याला लावायचा. रेघ २४ ब्रिक्सवर (हे साखरेचं माप) होती. या आकड्याला साधारण ०.५५ ते ०.६ ने गुणलं की वाइनमध्ये किती टक्के अल्कोहोल उतरेल याचा अंदाज येतो, म्हणजे इथे १३ ते १४. मला वाटलं झालं काम. पण काकांनी दोन मणी तोंडात टाकले, गर गिळला आणि बिया चावत उभे राहिले. मग आम्हालाही चावायला लावल्या. सावलीतल्या घडाची बी हिरवट, जीभ आवळून टाकणारी. उन्हातल्या घडाची तपकिरी, कुडुम वाजणारी, भाजल्यासारखी. "यंत्र साखर सांगतं. द्राक्ष पिकलं का, ते बी सांगते," काका म्हणाले. त्या सावलीच्या दोन ओळी त्यांनी त्या दिवशी तोडल्या नाहीत.

एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. २० किलोची क्रेट म्हणजे १६ बाटल्या. पाठ धरल्यावर हा हिशोब कळतो, आणि नंतर पेल्यात उरलेला घोट ओतून टाकताना हात थांबतो.

*

मी पीत नाही. मित्रांच्या आग्रहाने गेले, आणि परतीची गाडी मीच चालवणार हे आधीच ठरलं होतं. (हे प्रत्येकाने आधीच ठरवावं. तिथे पोचल्यावर ठरवायला गेलं की कोणीच "मी नाही पीत" म्हणत नाही.) मनात भीती होती की सगळे पिणार आणि मी कोपऱ्यात बसून राहणार.

उलटंच झालं. घरातल्या आजोबांनी मला नुकताच दाबून काढलेला रस दिला. गढूळ, कोमट आणि इतका गोड की दोन घोटांवर जाईना. दुसऱ्या दिवशीचा रस हुंगायला दिला, त्यात गोडाच्या जोडीला भाकरीच्या फुगलेल्या पिठासारखा वास होता. मग चौथ्या दिवसाची टाकी. वर सालींचा जाड थर चढलेला, आणि कान लावला तर आतून सतत चुरचुर. रसातली साखर यीस्ट खातं, अल्कोहोल तयार होतं आणि त्याबरोबर कार्बन डायॉक्साइड सुटतो, तो वायू साली वर ढकलतो. त्या थराला दिवसातून दोन-तीन वेळा दांड्याने खाली दाबावं लागतं, नाहीतर रंग उतरत नाही आणि वरचा थर आंबून व्हिनेगरचा वास धरतो. मला एकदा दाबू दिलं. वाटलं त्याच्या दुप्पट जोर लागला.

तळघरात मात्र आजोबांनी जाऊ दिलं नाही. एक लिटर रस आंबताना ४० लिटरहून जास्त वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, दिसत नाही. पूर्वी हातात मेणबत्ती घेऊन उतरायचे. ती विझली की मागे फिरायचं. पण मेणबत्ती विझेपर्यंत माणसाला उशीर झालेला असू शकतो, म्हणून आता त्यांनी भिंतीवर मीटर लावला आहे. आमच्यातल्या एकाला फोटोसाठी दोन मिनिटं तरी खाली जायचंच होतं. आजोबा दारात उभे राहिले, आवाज न चढवता "नाही बाळा" म्हणाले आणि दार ओढून घेतलं. हा प्रसंग मी आवर्जून लिहिते आहे. तोडणीनंतरच्या आठवड्यांत कोणी तळघरात जाऊ नका म्हटलं तर ऐका.

*

चुकलं ते लिहा म्हटलंय म्हणून लिहितो. आम्ही नऊ जण न कळवता गेलो होतो. दारावर पाटी होती, आम्हाला वाटलं दुकानासारखं उघडंच असेल. घरात फक्त एक वयस्क बाई होत्या, बाकीचे फवारणीला गेलेले. त्यांनी एकटीने नऊ पेले धुतले, पुसले, मांडले. आम्ही आपापसात मोठमोठ्याने बोलत होतो आणि त्या प्रत्येक वाइनबद्दल हळू आवाजात सांगत होत्या, ते आमच्यातल्या दोघांनीच ऐकलं. शिवाय दोघं-तिघं अत्तर फवारून आले होते, त्यामुळे पेल्यात नाक घालून कोणालाच काही कळत नव्हतं. बाटली न घेताच निघालो.

घरी आल्यावर माझ्या बायकोने विचारलं, "त्या बाईंचं नाव काय?" मला सांगता आलं नाही. पुढच्या वर्षी फोन करून, वेळ घेऊन, तिघेच गेलो. त्यांनी ओळखलं. मागच्या वेळचं काही बोलल्या नाहीत, मीच माफी मागितली. या वेळी पहिल्या पेल्याला आम्ही त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांनी बादली पुढे सरकवली, "थुंका बिनधास्त. मीही थुंकते. दिवसभर चाखणारा माणूस गिळत बसला तर संध्याकाळी उभा राहणार नाही." चाखून थुंकणं हा अपमान नाही, हे मला तेव्हा कळलं.

*

माझ्याबरोबर आलेला मित्र स्वतः द्राक्षबागायतदार. बाकी सगळे पेल्यांभोवती आणि हा खाली वाकून वेलीचा बुंधा बघतोय. जमिनीपासून वीतभर वर एक गाठ होती. त्याने विचारलं, "खुंट कोणता?" तिथल्या मुलाचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! पुढचा दीड तास दोघं मातीत बसून.

त्यातलं मला कळलं ते एवढं: १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाचा मुळांना लागणारा बारीक किडा अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला आणि पुढच्या काही दशकांत युरोपभरच्या बागा वाळून गेल्या. औषधांनी भागेना. शेवटी उपाय सापडला तो कलमाचा. अमेरिकन वेलींच्या मुळांना तो किडा सहन होतो, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर युरोपियन जात. आज जगातल्या बहुतेक वाइनच्या वेली अशा दोन तुकड्यांच्या आहेत. ती गाठ म्हणजे तो सांधा. मुलाने मित्राचं बोट धरून त्या गाठीवर ठेवलं, "हे कलम आईने बांधलंय."

*

छोटासाच अनुभव. एका कुटुंबाने अंगणात मातीचं मोठं रांजण पुरलंय, फक्त तोंड जमिनीबरोबर. ही मूळ जॉर्जियातली पद्धत, तिथे या रांजणाला क्वेव्री म्हणतात आणि ती परंपरा २०१३ साली युनेस्कोच्या यादीत आली. रस, साली, बिया सगळं आत. पांढऱ्या द्राक्षाची वाइन त्यामुळे तांबूस-पिवळी होते आणि चहासारखी तुरट लागते. आमच्या पाचांपैकी तिघांना ती अजिबात आवडली नाही, आणि त्यांनी तसं सांगितल्यावर घरचे खूश झाले. आवडली म्हणणारे बरेच येतात, म्हणाले, पण का नाही आवडली ते नीट सांगणारे कमी.

*

हे वाचून मलाही राहवलं नाही. आम्ही कॉलेजचे पाच जण दरवर्षी एका घरी जातो. एका वर्षी काका आम्हाला पिंपांच्या खोलीत घेऊन गेले. २२५ लिटरची ओकची पिंपं. वरचं बूच काढून काचेच्या नळीने थोडी वाइन खेचली, दोन शेजारच्या पिंपांमधली. त्याच बागेची, त्याच दिवशी भरलेली. एकीत धुरकट वास, दुसरीत नाही. लाकूड वेगळ्या झाडाचं, आतून भाजलेलं कमी-जास्त. ओकमधून वाइन हळूहळू उडून जाते, म्हणून ठरावीक दिवसांनी प्रत्येक पिंप काठोकाठ भरावं लागतं, नाहीतर मोकळ्या जागेतली हवा वाइन बिघडवते. हे काम काकूंचं होतं. काकू त्या हिवाळ्यात गेल्या होत्या, हे आम्हाला माहीत नव्हतं.

काकांनी कोपऱ्यातून एक बाटली काढली. लेबल छापलेलं नाही, पेन्सिलने फक्त साल आणि खाली "गारपीट". त्या वर्षी तोडणीच्या तोंडावर गारा पडल्या आणि अख्ख्या बागेतून एकच पिंप भरलं. विकायला पुरेशी नव्हती, म्हणून काकूंनी ती घरात ठेवली, चांगल्या-वाईट दिवसांसाठी. आम्ही पाच आणि काका. प्रत्येकाच्या वाट्याला चार बोटं आली. वाइन उतरणीला लागली होती, खरं सांगायचं तर आंबटपणाच राहिला होता. कोणी काही बोललं नाही. काकांनी रिकामी बाटली खळखळून धुतली आणि खिडकीत उपडी ठेवली.

*

इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. मेणबत्तीचं आणि गारपिटीच्या बाटलीचं वाचून मी त्या घरी फोन केला. मुलीला विचारलं, परत कधी येऊ? मला वाटलं तोडणीला बोलावेल. ती म्हणाली, "छाटणी झाली की लगेच या. तेव्हा कोणीच येत नाही." मुळं जागी झाली की कापलेल्या काडीच्या टोकातून पाणी गळायला लागतं, पानं फुटायच्या आधी, काही दिवसच. प्रत्येक काडीच्या टोकाला एक थेंब लोंबत असतो आणि सकाळी ऊन तिरकं आलं की अख्खी ओळ चमकते.

चौघांनीही रजा टाकली आहे. दारावर थाप मारायच्या आधी अर्धा तास फोन करायचा आहे, आणि अत्तर नाही.