खिडकीबाहेरचा निसर्ग आणि घराची आतली सजावट : आपले अनुभव लिहावेत

घराभोवतीची माती, दगड, झाडे आणि उजेड यांच्याशी नाते सांगणारी सजावट ज्यांनी केली आहे, त्यांनी काय साधले आणि काय फसले ते इथे सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करतो. आमच्या बैठकीच्या खिडक्यांबाहेर दाट झाडी आहे, म्हणून आतही हिरवाई असावी असे वाटून मी भिंतींना फिकट हिरवा रंग दिला. पानांवरून येणारा उजेड मुळातच हिरवट असतो हे तेव्हा ध्यानात आले नव्हते, आणि दुपारी खोलीत बसलेल्या माणसांचे चेहरे आजारी दिसू लागले. पुढे किंचित तांबूस छटेचा पांढरा रंग दिला. आता झाडांची हिरवाई भिंतीवर आपोआप उतरते, तासातासाला बदलते, आणि ती पाहण्यात माझा अजूनही वेळ जातो.

—

आमचे घर खडकाळ उतारावर आहे. अमेरिकी वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ साली आराखडा केलेल्या पेनसिल्व्हेनियातील ‘फॉलिंगवॉटर’ या घरात जागेवरचा मूळ खडक शेकोटीपाशी तसाच राखलेला आहे. भोवतालच्या दगडी फरशीला मेणाची चकाकी दिली, पण खडकाला मेण लावले नाही, त्यामुळे तो वाहत्या पाण्यातून वर आलेला भासतो. हे वाचल्यामुळे पाया खणताना निघालेला दगड आम्ही टाकून दिला नाही. त्यातून एकच भिंत रचली आणि बाकीच्या भिंती साध्या ठेवल्या. सर्वच भिंती दगडी केल्या असत्या, तर खोली अंधारी झाली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

—

समुद्राकाठी राहणाऱ्यांनी रंगाआधी धातूचा विचार करावा. खाऱ्या हवेत आमच्या लोखंडी बिजागऱ्या लवकरच गंजल्या. त्या बदलून मॉलिब्डेनम (खाऱ्या हवेतला गंज रोखायला मदत करणारा धातू) असलेल्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या.

—

मला रात्रीविषयी लिहायचे आहे, कारण सजावट ठरवताना आपण बहुधा दिवसाचाच विचार करतो. तळ्याकडे तोंड असलेली मोठी काच आम्ही हौसेने बसवली, परंतु अंधार पडून आत दिवे लागले की त्याच काचेत आमचेच प्रतिबिंब दिसे आणि तळे नाहीसे होई. छतावरचे प्रखर दिवे काढून कमी उंचीवर, झाकलेले, २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, मंद दिवे लावल्यावर काचेतले प्रतिबिंब फिके पडले आणि चांदण्या रात्री पाणी पुन्हा दिसू लागले. पहिला अनुभव लिहिणाऱ्यांना विचारावेसे वाटते, की त्यांचा तांबूस पांढरा रंग अशा दिव्यांखाली कसा दिसतो?

—

आपला प्रश्न रास्त आहे. तो बराच पिवळसर दिसतो. म्हणूनच मी आधी एका मोठ्या फळीवर रंग देऊन ती चारही भिंतींपाशी सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर ठेवून पाहिली होती. तिसऱ्या छटेवर माझे समाधान झाले.