सल्ला हवा: १७ वर्षांचा ग्राहक, ११ वा बदल, आणि अजून 'ताई, रंग मेलाय'

रेघोटी
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी घरून एकटीच डिझाइनची ऑनलाइन कामं करते. लोगो, चॅनेलचे बॅनर, थंबनेल, स्ट्रीमिंगवाल्यांचे इमोट्स, म्हणजे चॅटमध्ये टाकायची इवलीशी चित्रं. या कामात ५ वर्षं झाली. ग्राहक मेसेजवरूनच येतात, तोंड कुणाचं दिसत नाही.

सहा आठवड्यांपूर्वी एक मुलगा आला. गेमिंगचं चॅनेल काढायचंय, लोगो, बॅनर आणि ३ इमोट्स हवेत म्हणाला. फॉर्ममध्ये वय १९ लिहिलं होतं. ठरलं ते असं: अर्धे पैसे आधी, अर्धे शेवटी, बदलांच्या दोन फेऱ्या. आगाऊ पैसे त्याच दिवशी आले.

काल ११ वा बदल मागितलाय. त्यातले ७ नुसत्या रंगावरून. जांभळा 'मेलेला' वाटतो म्हणून उजळ केला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणे 'डोळ्यांत घुसतो'. उतरवला. रात्री दीड वाजता व्हॉइस नोट, 'ताई, परत मेला.' पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पाठवतो, आणि त्यात माझा रंग जसाच्या तसा असतो! मुद्दाम छळतोय असं वाटायला लागलंय.

गेल्या आठवड्यात दोन दिवस गायब होता. आला तो 'परीक्षा आहे, आईने फोन काढून घेतला' म्हणत. तेव्हा कळलं, वय १७. मी जरा कडक लिहिल्यावर 'सगळ्या ग्रुपवर सांगेन तुमच्याबद्दल' असा मेसेज आला. अर्ध्या तासाने तो पुसला आणि 'सॉरी ताई' आलं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. या कामावर आणखी फार तर २ तास देऊ शकते. नव्या सॉफ्टवेअरवर वगैरे काहीही खर्च करायचा नाही. काम अर्धवट सोडायचं नाही. प्रश्न एवढाच की आता त्याला नेमकं काय लिहू?

जुना_पेंटर
पूर्ण पैसे आधी. विषय संपला.

मी कॉम्प्युटरवर यायच्या आधी २२ वर्षं पाट्या रंगवल्या. ब्रश भिजवायच्या आधी पैसे मोजून घ्यायचो. एकदाच एका तरुण पोराच्या शब्दावर कच्चं रेखाटन दिलं, तो पुन्हा फिरकला नाही. महिन्याभराने तीच अक्षरं, तीच वळणं दुसऱ्याच्या हातची लागलेली बघितली. अजून आठवलं की जीव जळतो.

पिक्सेलकाका
तुमची अडचण ग्राहकाची नाही, पद्धतीची आहे. मी दोन वर्षांपूर्वी मंजुरीचं एक सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर घेतलं. ग्राहक चित्रावर बोट ठेवून तिथल्या तिथे शेरा लिहितो, प्रत्येक फेरीला नंबर पडतो, 'मंजूर' दाबलं की फाइलला कुलूप. एका वेळी १२ ग्राहक सांभाळतो, वर्षभरात एकाशीही वाद नाही. वर्गणी महाग आहे, पण डोकं शांत राहतं.

रेघोटी
काका, मनापासून धन्यवाद, पण खर्च करायचा नाही असं वर लिहिलंय.

पिक्सेलकाका
चांगल्या अवजाराला खर्च म्हणत नाहीत. बघा विचार करून.

आडवी_रेघ
रेघोटी, मीही हेच काम करते आणि निम्मे ग्राहक विशीच्या आतले आहेत. दोन गोष्टी सांगते.

पहिली, 'आवडलं का?' हे विचारणं आजपासून बंद. या प्रश्नाला उत्तर म्हणून नवीन बदलच येतो, कारण त्या वयात 'हो, आवडलं' म्हणणं म्हणजे मित्रांसमोर स्वतःला बांधून घेणं. त्याऐवजी दोनच पर्याय पाठवा आणि विचारा, यातला कुठला? तिसरा पाठवायचाच नाही.

दुसरी, लोगो मोठा करून पाठवू नका. जिथे दिसणार तिथे बसवून दाखवा. चॅनेलचं चित्र ८०० × ८०० चं द्यायचं असलं तरी लोकांना ते नखाएवढ्या गोलात दिसतं. ट्विच या स्ट्रीमिंगच्या साइटचे इमोट तर २८, ५६ आणि ११२ पिक्सेलचे. २८ पिक्सेलमध्ये भुवईसुद्धा नीट दिसत नाही. मुलं मात्र फोनवर दोन बोटांनी चित्र फाकवून कडा तपासत बसतात. मी थेट चॅटच्या ओळीत इमोट ठेवून चित्र पाठवते. निम्म्या तक्रारी तिथेच गळतात.

मेसेज असा लिहा, हवा तर उचला:

'दोन फेऱ्या ठरल्या होत्या, आपण ११ केल्या. शेवटची फेरी माझ्याकडून. सगळे बदल एकाच मेसेजमध्ये, लिहून, शुक्रवारपर्यंत पाठव. व्हॉइस नोट चालणार नाही. शुक्रवारनंतरचा प्रत्येक बदल वेगळं काम धरला जाईल.'

एवढंच. 'राग मानू नकोस' वगैरे जोडू नका. आणि कॉल तर अजिबात करू नका. कॉलवर कबूल केलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

कोरा_कागद
तो हे सगळं बघतो कशावर? फोनवर की मोठ्या स्क्रीनवर?

तिसरी_घंटा
मेसेज काय लिहायचा ते नंतर. १७ वर्षं! आधी पैसे कुणाचे आले ते बघा. पेपालचं खातं काढायलाही १८ पूर्ण लागतात, म्हणजे खातं किंवा कार्ड घरातल्या कुणाचं तरी आहे. त्या माणसाने 'हा व्यवहार मी केलाच नाही' असं बँकेला कळवलं तर पैसे मागे ओढले जातात आणि सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. व्हिसा कार्डावर अशा तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत असते. तुमचे सहाच आठवडे झालेत.

शिवाय अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलाशी केलेला करार बहुतेक ठिकाणी त्याच्यावर बंधनकारक ठरवता येत नाही. तुमच्या 'दोन फेऱ्या' कागदावर कितीही पक्क्या असोत. आई-वडिलांना मधे घ्या. आजच.

फावला_वेळ
१३ च्या वर चालतं ना? डिस्कॉर्ड, ट्विच सगळीकडे १३ च आहे.

तिसरी_घंटा
ते खातं उघडायचं वय. करार करायचं वय वेगळं. ही गल्लत फार जण करतात म्हणून स्पष्ट लिहितोय.

लाल_शाई
आई-वडिलांना मधे घ्यायला माझा ठाम विरोध. मी १६ व्या वर्षी पहिलं पैशाचं काम केलं. ग्राहकाने माझ्या वडिलांना फोन लावला होता, का तर फाइल एक दिवस उशिरा गेली. त्यानंतर वर्षभर घरात कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. या मुलाची परीक्षा चालू आहे, आईने आधीच एकदा फोन काढून घेतलाय. तुमच्या एका मेसेजने त्याचं चॅनेल सुरू व्हायच्या आधी बंद होईल. तो धमकी पुसून सॉरी म्हणालाय, हे लक्षात घ्या. इतकी मोठी माणसं भेटली, मला तरी मेसेज पुसून कुणी सॉरी म्हटलेलं नाही.

तिसरी_घंटा
तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं, पण बँक हे ऐकून घेत नाही.

जुना_पेंटर
लाल_शाई, भावना बरोबर आहे. पण पूर्ण पैसे आधी घेतले असते तर ही वेळच आली नसती.

फावला_वेळ
अवांतर: सोर्स फाइल, म्हणजे ज्यात बदल करता येतात ती मूळ फाइल, देणार आहात का त्याला? माझ्या डिझायनरने फक्त पीएनजी, म्हणजे पिक्सेलचं तयार चित्र, दिली. बॅनर मोठा करायला गेलो तर सगळा फाटला.

पिक्सेलकाका
सोर्स फाइल कधीही द्यायची नाही. त्यात आपली सगळी कारागिरी उघडी पडते.

लाल_शाई
काका, असहमत. लोगोची एसव्हीजी, म्हणजे रेषांनी बनलेली फाइल, द्यायलाच हवी, ती कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. थरांसकट असलेली कामाची फाइल हा वेगळा विषय. दोन्ही एकच समजू नका. आणि फॉन्टची फाइल सोबत देताना परवाना तपासा. ओपन फॉन्ट लायसन्सवाला असेल तर देता येतो, विकतचा असेल तर ग्राहकाला तो स्वतः घ्यावा लागतो. अक्षरांच्या बाह्यरेषा करून, म्हणजे अक्षरं आकार म्हणून, दिल्या की बहुतेक वेळा काम भागतं.

पिक्सेलकाका
बाह्यरेषा केल्यावर मजकूर बदलता येत नाही, मग ग्राहक परत आपल्याच दारात. मी तर म्हणतो तेच बरं.

आडवी_रेघ
मंडळी, धागा रेघोटीचा आहे.

उशिरा_आलेला
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण अनुभवाने सांगतो, पूर्ण पैसे आधी घ्या. माझे एका तरुण ग्राहकाने तीन महिने लटकवले होते.

रेघोटी
सगळ्यांचे आभार. आडवी_रेघ, तुमचा मेसेज कॉपी करून ठेवलाय, पुढच्या प्रत्येक ग्राहकाला वापरणार. इमोट्स चॅटच्या ओळीत ठेवून काल पाठवले. तिन्ही एका मिनिटात पसंत. ११२ चा मोठा करून बघत होता इतके दिवस.

रंगाचं मात्र तसंच. आता तोच लोगो टी-शर्टवर हवाय, झळाळता हिरवा घालून.

जुना_पेंटर
तो हिरवा नेहमीच्या छपाईत येत नाही. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई चार शाया मिसळून. त्या चार शायांच्या पल्ल्यात तो हिरवा बसतच नाही, मळका येतो. त्यासाठी फ्लुरोसंट शाई वेगळी लागते. हे आत्ताच लेखी कळवा, नाहीतर टी-शर्टही 'मेला' म्हणेल आणि खापर तुमच्या माथी.

रेघोटी
पेंटर काका, हे फार उपयोगी पडलं. तसंच्या तसं कळवते.

रेघोटी
चार दिवसांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलेलं केलं. कॉल केला, तोही व्हिडिओ कॉल. शुक्रवारची मुदत घातली नाही, आई-वडिलांना कळवलं नाही, उरलेले पैसे आधी मागितले नाहीत.

कारण सांगते. कोरा_कागद यांच्या प्रश्नाला मी उत्तरच दिलं नव्हतं, पण तो डोक्यात राहिला. माझे आणि त्याचे सगळे मेसेज वेळेसकट पुन्हा वाचले. 'मेला' असं तो म्हणाला ते प्रत्येक वेळी रात्री नऊनंतर. 'डोळ्यांत घुसतो' ते प्रत्येक वेळी दिवसा. सहा आठवडे हे माझ्यासमोर होतं आणि मी त्याला लहरी ठरवत होते.

म्हणून कॉल रात्रीच लावला. त्याला म्हटलं, लॅपटॉपसमोर बस आणि लोगो फोनवर उघडून कॅमेऱ्यासमोर धर. फोन दिसला तो पिवळाधमक. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून निळा प्रकाश कमी करायची जी सोय असते, ती आपोआप चालू होईल अशी लावलेली. जांभळ्यातून निळा काढला की उरतं काय? विटका तपकिरी. स्क्रीनशॉटमध्ये ते उतरत नाही, कारण तो पिवळेपणा चित्रात नसतोच, फक्त पडद्यावर असतो. त्यामुळे तो मला पुरावा पाठवत होता आणि मला त्यात माझाच चांगला रंग दिसत होता. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

सोय बंद केल्यावर त्याने लोगो बघितला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'ताई, म्हणजे दुसऱ्या फेरीतलाच बरोबर होता.' तोच पक्का केला.

तिसरी_घंटा, तुमचं म्हणणं मी उडवून लावलेलं नाही. कार्ड कुणाचं ते त्याच कॉलवर विचारलं. मोठ्या बहिणीचं, आणि ती शेजारच्याच खोलीत होती. ती येऊन बसली, तिला सगळा हिशेब दाखवला. पैसे तिनेच स्वतः भरले होते.

तिसरी_घंटा
तोंडी नको. तिच्याकडून एक ओळ लिहून घ्या, की व्यवहार माहीत आहे आणि काम मिळालं.

रेघोटी
मागितली आहे. उरलेले पैसे पाठवताना लिहिते म्हणालीय.

आडवी_रेघ
मी कॉल नको म्हटलं होतं, ते या वेळी चुकलं. पण पुढच्या वेळी त्याला पुन्हा ११ फेऱ्या मिळतील असं वाटू देऊ नका.

पिक्सेलकाका
माझ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शेऱ्याची वेळ आपोआप नोंदवली जाते. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं असतं.

लाल_शाई
टी-शर्टचं काय झालं?

रेघोटी
वेगळं काम, परीक्षेनंतर, आणि मागणी बहिणीच्या नावाने. हिरव्याबद्दल पेंटर काकांनी सांगितलेलं लिहून पाठवलं, तर तो म्हणाला मग पांढऱ्यात करू.

उशिरा_आलेला
२ तास म्हणाला होतात. किती लागले शेवटी?

रेघोटी
१ तास ४० मिनिटं. त्यातली वीस मिनिटं ती सोय फोनमध्ये कुठे दडलीय ते शोधण्यात गेली.