न्यूजर्सीत प्लेन्सबोरो-वेस्ट विंडसरच्या आसपास चांगलं इटालियन कुठे? (सोबत शाकाहारी आईबाबा)

रूट_वन
सप्टेंबरात आईबाबा दोन महिन्यांसाठी येतायत. दोघंही पक्के शाकाहारी. बाबांना केकमधलं अंडं चालतं, आईला तेही नाही. 'इथलं इटालियन खाऊन बघायचंय' अशी फर्माईश आधीच आली आहे. मॉलमधली साखळी हॉटेलं नकोत. नकाशावर शोधलं तर अर्ध्या तासाच्या परिघात तीसेक जागा दिसतात आणि जवळपास सगळ्यांना ४.३ ते ४.६ तारे. त्यातून निवडायचं कसं? आणि शाकाहारी म्हणून नक्की काय विचारायचं?

खमंग_काकडी
तारे सोडून द्या. उपनगरात तारे मिळतात ते ताट केवढं मोठं आणि वेटर किती गोड बोलतो यावर. त्यापेक्षा ग्राहकांनी टाकलेले फोटो नव्यापासून जुन्याकडे बघत जा. पास्त्याच्या ताटलीच्या कडेला फिकट लाल पाणी साचलेलं दिसलं तर त्या स्वयंपाकघरात पास्ता उकळून, निथळून ताटात घेतात आणि वरून सॉस ओततात. चांगल्या जागी पास्ता शिजायला दीड-दोन मिनिटं कमी असतानाच काढतात आणि सॉसच्या पॅनमध्ये, त्याच्याच पिठूळ पाण्याचा डाव घालून पुरा करतात. मग सॉस पास्त्याला धरून राहतो, ताटली कोरडी दिसते. एवढ्या एका खुणेवर अर्धी यादी गळते.

दुसरं, मेन्यू वाचा. आपल्या भागात ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली 'रेड सॉस' वाली: चिकन पार्म (तळलेल्या चिकनवर लाल सॉस आणि चीज), बेक्ड झिटी (भट्टीत भाजलेला नळीसारखा पास्ता), पेनी वोडका (टोमॅटो, क्रीम आणि वोडकाच्या सॉसमधला पास्ता). हे इटलीचं नाही, इथे आलेल्या दक्षिण इटालियन लोकांनी अमेरिकेत घडवलेलं जेवण आहे. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, चांगलं केलं तर ते फार चांगलं लागतं. तिथली परीक्षा मारिनारा या साध्या लाल सॉसची. टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल, वीस-पंचवीस मिनिटांची उकळी, बस्स. जिभेला आधी गोड लागला तर साखर घालून आंबटपणा झाकलाय असं समजा. दुसरी जात स्लाइसवाल्या पिझ्झेरियाची, ज्यांच्या मागच्या बाजूला दहा-बारा टेबलं असतात. तिथे पिझ्झाच खावा. तिसरी म्हणजे छोटा मेन्यू असलेली, एखाद्या प्रांताचं जेवण करणारी. तिथे पास्त्याचे पाच-सहाच प्रकार असतील आणि ते ऋतूप्रमाणे बदलतील.

साठ पदार्थांचा मेन्यू असेल तर फ्रीझर मोठा आहे एवढं नक्की. आणि 'ताजा पास्ता' या शब्दाला भुलू नका. ताजा म्हणजे बहुधा अंड्याचा, २-३ मिनिटांत शिजणारा. सुका म्हणजे ड्युरम गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा, ९-११ मिनिटं घेणारा. दोन वेगळ्या चिजा आहेत, त्यांत उच्चनीच नाही. तुमच्या आईंच्या दृष्टीने तर सुकाच बरा.

रिझोटो (इटालियन मऊ भात) मागवला आणि पाच मिनिटांत टेबलावर आला तर तो आधीच शिजवून गरम केलेला. तांदूळ पहिल्यापासून शिजवायचा तर १६-१८ मिनिटं लागतात. पाऊण शिजवून ट्रेवर पसरून ठेवणं आणि ऑर्डर आल्यावर सात-आठ मिनिटांत पुरं करणं हे बऱ्याच चांगल्या ठिकाणीही चालतं, त्यात गैर काही नाही. क्रीम घालून दाटपणा आणणं मात्र पळवाट.

ट्रेंटनवाला
तुम्ही राहता तिथून वीस-पंचवीस मिनिटांवर जी खरी स्थानिक चीज आहे तिच्याबद्दल कुणी अजून बोललं नाही: ट्रेंटनची 'टोमॅटो पाय', म्हणजे तिथल्या पद्धतीचा पिझ्झा. ट्रेंटनचा चेंबर्सबर्ग भाग हा इटालियन मोहल्ला होता. तिथली कुटुंबं हॅमिल्टन, रॉबिन्सव्हिलकडे सरकली तशी हॉटेलंही सरकली. टोमॅटो पायचं पापाज हे हॉटेल १९१२ सालचं. न्यूयॉर्कचं लोम्बार्डीज हे पिझ्झाचं हॉटेल १९०५ चं, पण ते १९८४ ला बंद पडून १९९४ ला पुन्हा उघडलं. त्यामुळे अखंड चालू असलेलं अमेरिकेतलं सगळ्यात जुनं पिझ्झाचं हॉटेल आम्हीच, असं पापाजवाले सांगतात. डी लोरेंझोज या दुसऱ्या टोमॅटो पायवाल्यांची हडसन स्ट्रीटची जागा १९४७ ची. तिथे ग्राहकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं, तरी बाहेर रांग लागायची. ती २०१२ ला बंद झाली. आता हे दोघंही रॉबिन्सव्हिलमध्ये आहेत.

टोमॅटो पायमध्ये पिझ्झाचा क्रम उलटा असतो: पिठावर आधी चीज, वर कुस्करलेल्या टोमॅटोचे ठिपके. टोमॅटोचं पाणी भट्टीत उघड्यावर उडून जातं आणि मधे चीजचा थर असल्यामुळे पीठ ओलं होत नाही. कडा पातळ, कुरकुरीत, आणि टोमॅटो शिजवलेल्या सॉससारखा न लागता टोमॅटोसारखा लागतो. आपल्याकडच्या पनीर-ढोबळी मिरची पिझ्झाची सवय असलेल्यांना पहिल्यांदा 'चीज कमी घातलंय' असं वाटतं. दोन घास जाऊ द्या. पापाजकडे पिठावर मोहरीची चटणी फासलेली मस्टर्ड पायही मिळते. बाबांना नक्की द्या, कैरीच्या लोणच्याच्या खारावर वाढलेल्या माणसाला ती बिचकवणार नाही.

प्रिन्स्टनमध्ये विदरस्पून स्ट्रीटवर कॉन्टेज आहे. बारसारखी साधी खोली, पातळ पिझ्झा. प्रिन्स्टनच्या जुन्या इटालियन वस्तीतले बरेच लोक मोलिझे प्रांतातल्या पेत्तोरानेल्लो गावचे. विद्यापीठाच्या दगडी इमारतींवर त्यांच्यातल्या गवंड्यांनी काम केलंय. गावात पेत्तोरानेल्लो नावाची बागही आहे. जेवणानंतर फिरायला चांगली.

शेवग्याची_शेंग
आता शाकाहाराचं. वेटरला 'व्हेजिटेरियन आहे का?' विचारलंत तर तो 'मांसाचे तुकडे दिसतात का?' एवढंच ऐकतो आणि प्रामाणिकपणे 'हो, व्हेजिटेरियन आहे' म्हणतो. म्हणून पदार्थागणिक विचारायचं.

मिनेस्त्रोने सूप: बहुतेक ठिकाणी चिकनचं पाणी, कधी पॅनचेटा म्हणजे डुकराचं मांस. पास्ता फाजोली (पास्ता आणि घेवड्याचं सूप): तेच, पॅनचेटाची शक्यता जास्तच. रिझोटो: मशरूमचा असला तरी पाणी चिकनचं असू शकतं, आणि पांढरी वाइन तर असतेच. सीझर सॅलड, पुतानेस्का सॉस: अँचोव्ही, म्हणजे मासळी. 'संडे ग्रेव्ही' किंवा नुसतं 'ग्रेव्ही' लिहिलेला लाल सॉस: मांसाबरोबर तासन्‌तास शिजवलेला, तुकडे काढले तरी रस तोच. मारिनारा साधारण सुरक्षित. वोडका सॉसमध्येही काही जण पॅनचेटा परततात, विचारावं.

एगप्लांट पार्मिजाना ही सगळ्यांची पहिली सूचना असते, पण अमेरिकी पद्धतीत वांग्याचे काप अंड्यात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात, आणि तळतात ते बऱ्याचदा कालामारीच्याच (माकूळ मासळीच्या) कढईत. तळणीचं तेल वेगळं आहे का, हा प्रश्न फोनवरच विचारा. टेबलावर विचारलात तर वेटर आत न जाताच मान हलवतो. न्योकीतही (बटाट्याच्या छोट्या गोळ्यांत) पुष्कळदा अंडं असतं.

गोडात पन्ना कोटा म्हणजे जिलेटिन (जनावराच्या हाडा-कातड्यांचं), थेट नाही. तिरामिसूत अंडं, वर रम किंवा मार्साला वाइन. कनोलीच्या पुरीत पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते, आज बरेच जण दुसरं काही वापरतात. आईंसाठी राहतं सॉर्बे, म्हणजे दुधाशिवायचं बर्फाळ गोड, लिंबाचं.

आता सगळ्यात अवघड भाग, चीज. पार्मिजानो रेजानो वासराच्या रेनेटशिवाय होतच नाही, त्याच्या नियमातच ते आहे. ग्राना पादानोतही प्राणिज रेनेट असतं. पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटचं. रेनेट म्हणजे दूध विरजायला वापरायचं, जनावराच्या पोटातलं द्रव्य. गंमत अशी की अमेरिकेत बनलेलं नुसतं 'पार्मेझान' लिहिलेलं स्वस्त चीज पुष्कळदा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं. म्हणजे हॉटेल जितकं अस्सल, तितकं आपल्या दृष्टीने अडचणीचं. मोझरेला दोन्ही प्रकारची मिळते, ब्रँड विचारून पाकीट बघायला लागतं. मास्कारपोने आम्लाने विरजतात, ते ठीक. कुठे रेघ ओढायची ते आईबाबांना आधीच विचारून ठेवा. तिथे पोचल्यावर हे समजावत बसलात तर जेवणाचा विचका होईल. पेस्तोतही (बेझिलच्या हिरव्या चटणीत) पार्मिजानो किंवा पेकोरिनो असतं हे बरेच जण विसरतात.

डबलडेकर
म्हणूनच मी साखळी हॉटेल म्हणेन. त्यांचे अॅलर्जीचे तक्ते संकेतस्थळावर असतात. अंडं, मासळी, सगळं पदार्थागणिक दिलेलं.

शेवग्याची_शेंग
अंडं आणि मासळीपुरतं बरोबर. पण रेनेट, चिकनचं पाणी, जिलेटिन हे अमेरिकेतल्या अॅलर्जीच्या यादीत येत नाहीत, त्यामुळे तक्त्यात दिसणार नाहीत. तक्ता बघा, पण त्यावर विसंबू नका.

रूट_वन
फार उपयोगी, मंडळी. एक सांगायचं राहिलं, आईचा चातुर्मास असेल. कांदा-लसूण नाही, आणि वांगंही नाही. म्हणजे एगप्लांट पार्म तसंही बाद. अशात काही उरतं का?

खमंग_काकडी
उरतं, आणि चांगलं उरतं. लाकडाच्या भट्टीवर नेपल्स पद्धतीचा मार्गेरिता पिझ्झा करणारी जागा शोधा. त्या पद्धतीत सॉस शिजवतच नाहीत. सोललेले टोमॅटो कुस्करून मीठ, की झालं. वर मोझरेला, तुळशीच्या जातीचं बेझिल आणि तेल. कांदा नाही, लसूण नाही. वरून किसून घालतात ते हार्ड चीज नको म्हणून सांगायचं. न्यूयॉर्क पद्धतीच्या पिझ्झाच्या सॉसमध्ये मात्र बहुतेक लसूण आणि ओरेगॅनो शिजवलेलं असतं आणि ते सकाळीच बादलीभर तयार असतं, 'विदाउट गार्लिक' म्हणून उपयोग नाही. टोमॅटो पायवाल्यांना फोन करून विचारा, टोमॅटोत लसूण किंवा किसलेलं पेकोरिनो मिसळतात का. प्रत्येकाची पद्धत वेगळी.

काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरपूड, यातही कांदा-लसूण नसतो, पण ते सगळंच पेकोरिनोवर उभं आहे. तुमच्या आईंनी रेनेटला नाही म्हटलं तर तेही गेलं. मग सुका स्पगेटी, ऑलिव्ह तेल, ताजे चेरी टोमॅटो, बेझिल असं सांगून करून घ्या. आधी फोन केला असेल तर छोट्या जागी खुशीने करतात, शनिवारी साडेसातला नाही.

सिसिलियन डेली (तयार खाण्याचं दुकान) दिसली तर 'पानेल्ले' विचारा. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं घोटून, थापून, वड्या पाडून तळलेलं. आपली पाटवडी तळली तर काय होईल, तेच. तळणीचा प्रश्न इथेही.

आणि 'आल डेन्टे' (दाताला किंचित लागेल इतपतच शिजवलेला पास्ता) हा शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत 'कच्चं' असा उतरतो. ऑर्डर देतानाच पास्ता मऊ करा म्हणून सांगा, दोन मिनिटांचाच फरक. तिखटासाठी अराबियाता (मिरची घातलेला लाल सॉस) घ्या (लसूण चालत असेल तर) किंवा कॅलॅब्रियन मिरचीचं तेल मागून घ्या. टेबलावरच्या मिरचीच्या बियांत फारसा जोर नसतो.

अर्धा_कप
बिलाचं कुणी सांगितलं नाही. न्यूजर्सीत जेवणावर ६.६२५ टक्के विक्रीकर, आणि टिप १८ ते २० टक्के, करापूर्वीच्या रकमेवर. सहा किंवा जास्त माणसं असली की बरीच हॉटेलं टिप आपणहून बिलात धरतात, पावती वाचल्याशिवाय वर आणखी लिहू नका.

इथल्या कितीतरी चांगल्या इटालियन जागी दारूच मिळत नाही, याचं कारण परवाने. गावाच्या दर ३००० लोकसंख्येमागे एक असं प्रमाण आहे, त्यामुळे परवान्याची किंमत आभाळाला भिडते. म्हणून 'आपली बाटली आपण आणा' ही पद्धत. अशा विनापरवाना हॉटेलात फक्त वाइन आणि बिअर नेता येते, व्हिस्की वगैरे नाही, आणि बाटली उघडण्याचे पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे. काही गावांनी ही पद्धतच बंद ठेवली आहे, तेवढं विचारून घ्या. हॉटेलला परवाना नाही हे कमीपणाचं लक्षण समजू नका. बारवर कमवायचं नसल्यामुळे सगळी भिस्त स्वयंपाकघरावर असते.

फोन दुपारी ३ ते ४:३० मध्ये करा. तेव्हा आत तयारी चालू असते आणि उत्तर देणारा माणूस बऱ्याचदा स्वतः हातात सुरी घेतलेला असतो. टेबल ५ किंवा ५:१५ चं घ्या. आईबाबांच्या जेवणाच्या वेळेच्या फार आधी होईल, पण सातनंतर 'हे वगळून ते घाला' कुणी ऐकणार नाही.

पिझ्झाचं गणित: १८ इंची एक पिझ्झा म्हणजे सुमारे २५४ चौरस इंच, १२ इंची दोन मिळून २२६. चौघांना १८ इंची एक आणि सॅलड पुरतं. नेपल्सचा १२ इंची मात्र माणशी एक घ्यायचा, आणि तिथेच बसून खायचा. ४५० अंश सेल्सियसच्या आसपास ६० ते ९० सेकंदांत भाजलेला असतो, आत ओलावा भरपूर राहतो. खोक्यात घातला की दहा मिनिटांत स्वतःच्याच वाफेने लिबलिबीत होतो. घरी आणायचा तर जाड कडेचा किंवा न्यूयॉर्कचा आणा, आणि गाडीत खोक्याचं झाकण बोटभर उघडं ठेवा.

ट्रेंटनवाला
टोमॅटो पाय उरलीच तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कडा चामड्यासारख्या होतात. पोळ्यांचा लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा, तुकडे कोरडेच ठेवा, तीन मिनिटं. मग तव्याच्या कडेला चमचाभर पाणी, वर झाकण, आणखी एक मिनिट. आईबाबा दोन महिने आहेत म्हटल्यावर तवा घरात असेलच.